जिथे दाद नव्हती तिथे मागितलेली दाद

१

जालियनवाला बागेतल्या गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या सरकारने एक वटहुकूम काढला. लाहोर आणि अमृतसर या जिल्ह्यांत काही गुन्ह्यांपुरता नेहमीच्या फौजदारी न्यायालयांचा अधिकार त्याने काढून घेतला आणि तो तीन-तीन सदस्यांच्या मार्शल लॉ कमिशनांच्या हाती दिला. पुढे गुजरांवाला, गुजरात आणि लायलपूर हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आले. कमिशनांना समरी जनरल कोर्ट मार्शलचे अधिकार होते. त्यांच्या निकालाला वरच्या कुणाच्या पुष्टीची गरज नव्हती, आणि त्याविरुद्ध हिंदुस्थानातल्या कोणत्याही न्यायालयात अपील नव्हते.

लॉर्ड हंटर यांच्या चौकशी समितीपुढे नंतर जे आकडे आले ते पाहिले की या रचनेचा वेग कळतो. चार कमिशनांनी ८५२ आरोपींचे खटले चालवले. त्यांपैकी ५८१ जण दोषी ठरले, १०८ जणांना फाशी सुनावली गेली आणि २६५ जणांना जन्मभराचे काळे पाणी. यातले बहुतेक काम मार्शल लॉ असतानाच्या आठ-दहा आठवड्यांत आणि त्याला लागून उरकले गेले.

या शिक्षांविरुद्ध लोकांनी अपील केले. कायद्याने सगळी दारे लावलेली असताना त्यांनी लंडनमधले एक उघडे राहिलेले दार शोधले, वकील दिले, वर्गणी गोळा केली, कागदपत्रांच्या नकला मिळवल्या आणि खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे नेला. तिथे ते हरले. या पुस्तकाचा विषय अशीच अपिले आहेत. वसाहतीच्या राज्यात लष्करी अधिकाराने दिलेल्या शिक्षेविरुद्ध नागरी न्यायालयात मागितलेली दाद, तिच्यावर न्यायाधीशांनी दिलेली उत्तरे, आणि त्या उत्तरांचा आपल्या आजच्या कायद्यावर उमटलेला ठसा.

स्वातंत्र्यलढ्याच्या आपल्या इतिहासात या अपिलांना फार थोडी जागा मिळाली आहे. हुतात्म्यांचे स्मारक होते, अपिलाचे होत नाही. त्यात पुन्हा ही अपिले बहुतेक फेटाळली गेली, म्हणून ती निष्फळ मानली गेली. मला हे मान्य नाही. लष्करी न्यायाची खरी ताकद त्याच्या कठोरपणात नसते, उत्तर न देण्याच्या मुभेत असते. शिक्षा झाली, अंमलात आली, प्रश्न संपला. अपील नेमके इथे हात घालते. ते सत्तेला कारणे द्यायला लावते, ती कारणे कागदावर आणते आणि पुढच्या पिढ्यांना तपासता यावीत अशी ठेवते. या पुस्तकातली अपिले वाचताना माझ्या मनात सतत हेच आहे, आणि वाचकानेही ती याच दृष्टीने वाचावीत अशी माझी इच्छा आहे.

२

१९१९चा वटहुकूम हवेतून आला नव्हता. त्याचा पाया होता बंगालचा १८०४ सालचा दहावा रेग्युलेशन. ईस्ट इंडिया कंपनीने तो केला तेव्हा ती यशवंतराव होळकरांशी युद्धात गुंतलेली होती. कंपनीच्या अंमलाखालची माणसे शत्रूला जाऊन मिळू नयेत, यासाठी हा कायदा. हातात शस्त्र घेऊन उघड वैर करताना, सरकारच्या सत्तेला सशस्त्र विरोध करताना किंवा उघड बंडाच्या कृतीत जो पकडला जाईल त्याला कोर्ट मार्शलपुढे उभे करावे आणि दोषी ठरल्यास फाशी द्यावी, त्याची मालमत्ता जप्त करावी, अशी त्यातली तरतूद. मराठ्यांशी चाललेल्या लढाईच्या धामधुमीत केलेला हा कायदा ११५ वर्षांनी पंजाबात बाहेर काढला गेला, जिथे कोणतेही युद्ध चालू नव्हते.

पंजाबात गंभीर गुन्हे घडलेच नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना १० एप्रिलला अमृतसरहून उचलून धरमशाळेला नेले, जमावावर गोळीबार झाला आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत पाच युरोपियन मारले गेले. त्यांत नॅशनल बँकेचे दोन अधिकारी होते. मार्सेला शेरवुड या मिशनरी शिक्षिकेला रस्त्यात अमानुष मारहाण झाली. या कृत्यांचा तपास आणि खटले व्हायलाच हवे होते. मुद्दा एवढाच की ते कुणापुढे, कोणत्या पुराव्याने, कोणत्या बचावासह चालायचे.

सरकारने २१ एप्रिलला आणखी एक वटहुकूम काढून कमिशनांचा अधिकार मागे ओढला. ३० मार्चपासून घडलेली कृत्येही आता त्यांच्यापुढे आणता येणार होती. मार्शल लॉ पुकारण्याआधी जे बोलले गेले, लिहिले गेले, त्याचाही निवाडा मार्शल लॉच्या रीतीने होणार होता. किचलू आणि सत्यपाल तर हिंसाचार सुरू झाला तेव्हा सरकारच्याच ताब्यात होते, तरी त्यांच्यावर खटला चालला. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक कालीनाथ रॉय यांना एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छापलेल्या लेखांसाठी दोन वर्षांची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. लाहोरचे बँकर आणि उद्योजक लाला हरकिशनलाल यांना जन्मठेप आणि मालमत्तेची जप्ती सुनावली गेली. ज्यांनी हातात काठीही धरली नव्हती अशी माणसे या रचनेत राज्याविरुद्ध युद्ध पुकारणारी ठरत होती.

बचावाची अवस्था त्याहून बिकट होती. पंजाबबाहेरच्या वकिलांना मार्शल लॉच्या मुलखात येऊन खटला चालवायला बंदी घातली गेली. समरी कोर्ट मार्शलच्या रीतीत साक्षीची सविस्तर नोंद ठेवण्याचे बंधन नव्हते, सारांश पुरत होता. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर माणूस फासावर जाऊ शकत होता, आणि ती जबानी नेमकी काय होती हे नंतर शोधायला गेलो तर हाती चार ओळी लागत.

असहकाराच्या लढ्याची मुळे सांगताना आपण बागेतल्या गोळीबारापाशी थांबतो. त्यानंतरच्या या कोर्टांनी पंजाबातल्या घराघरांत जी दहशत पोचवली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. बागेतला गोळीबार दहा-पंधरा मिनिटांचा होता. कोर्टे जूनपर्यंत आणि काही खटल्यांत जुलैपर्यंत चालू राहिली. गोळीबाराच्या वेळी बागेत नसलेल्या हजारो लोकांना ब्रिटिश राज्याचा हा दुसरा चेहरा त्या कोर्टांत दिसला.

३

मग दार कोणते उरले होते? हिंदुस्थानच्या विधिमंडळाला किंवा व्हाइसरॉयला हिंदुस्थानातल्या न्यायालयांचा अधिकार कमी करता येत होता. पण साम्राज्यातल्या कोणत्याही प्रजाजनाने थेट राजाकडे दाद मागण्याची वाट एका वटहुकुमाने बुजत नव्हती. ही दाद ऐकत असे प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती. लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या दालनात तिचे सदस्य विग न घालता टेबलाभोवती बसत आणि आपला निकाल राजाला दिलेल्या सल्ल्याच्या रूपात देत. मतभेद झाला तरी तो जाहीर होत नसे, समितीचा आवाज एकच ऐकू येई.

फौजदारी प्रकरणांत ही समिती स्वतःला अपिलाचे न्यायालय मानायला तयार नव्हती. ब्रिटिश होंडुरासमधून आलेल्या डिलेट यांच्या १८८७च्या प्रकरणात तिने आपली मर्यादा ठरवून टाकली होती. कायद्याच्या रीतीचाच अनादर झाला असेल, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पायदळी तुडवली गेली असतील आणि त्यातून ठळक, गंभीर अन्याय झाला असेल, तरच ती हस्तक्षेप करणार. साक्षीदार खोटा बोलला, न्यायाधीशाने पुरावा चुकीचा तोलला, एवढ्यावर ती फाइल उघडणार नव्हती.

लष्करी न्यायाच्या बाबतीत तर तिचा पूर्वेतिहास आणखी निराशाजनक होता. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असताना केप कॉलनीतल्या पार्ल गावचे डी. एफ. मरे यांना लष्कराने अटक केली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. नागरी न्यायालये उघडी आहेत, त्यांचे काम चालू आहे, मग लष्कराने नागरिकाला कोठडीत का ठेवावे? समितीने १९०२ मध्ये उत्तर दिले की न्यायालये उघडी आहेत एवढ्यावरून युद्ध चालू नाही असे ठरत नाही, आणि प्रत्यक्ष युद्ध चालू असेल तर लष्कराच्या कृतीत नागरी न्यायालयाने पडू नये. त्या उत्तराने लष्करी अधिकाऱ्यांची पुढची वीस वर्षे सोपी केली.

१९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत डोईपट्टीवरून असंतोष पेटला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून कोर्ट मार्शलने १२ झुलू पुरुषांना मृत्युदंड दिला. लंडनच्या वसाहत मंत्र्याने शिक्षा स्थगित करण्याची तार केली, तेव्हा नाताळच्या मंत्रिमंडळाने राजीनामा देण्याचे पाऊल उचलले आणि लंडनने माघार घेतली. दोषी ठरलेल्यांच्या वतीने प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागितली गेली, ती नाकारली गेली आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्या बाराही जणांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्या वर्षी टिलोंको या झुलू प्रमुखाच्या अपिलाचीही अशीच वासलात लागली.

या निकालांमागचा विचार नीट समजून घ्यायला हवा, कारण या पुस्तकातले निम्मे वाद त्याच्याभोवती फिरतात. समितीतले लॉर्ड हॅल्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिका अशी होती की मार्शल लॉखाली बसणारे कोर्ट हे कायद्याच्या अर्थाने न्यायालयच नाही. ते सेनापतीला सल्ला देणारे अधिकाऱ्यांचे मंडळ आहे, आणि सेनापतीची कृती ही बळाचा वापर आहे, न्यायनिवाडा नाही. जिथे न्यायनिवाडाच नाही तिथे अपील कशावर करायचे? वरवर पाहता हे लष्करी कोर्टाचा दर्जा कमी करणारे मत आहे. प्रत्यक्षात त्याने आरोपीचा शेवटचा आधार काढून घेतला. फाशी देण्यापुरते ते कोर्ट होते आणि दाद मागायला गेले की ते कोर्ट उरत नव्हते.

४

पंजाबच्या अपिलांचे वेगळेपण इथे दिसते. पंजाबची कमिशने सेनापतीने तंबूत बसवलेली नव्हती. गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टच्या कलम ७२ खालच्या वटहुकुमाने ती निर्माण केली होती आणि त्यांत अनुभवी नागरी न्यायाधीश बसले होते. ती न्यायालयेच नाहीत, असे आता म्हणता येत नव्हते. सरकारने आपल्या कोर्टांना कायद्याचे कपडे चढवले होते, आणि त्यामुळेच त्या कायद्याची तपासणी मागण्याची सोय झाली.

अमृतसरच्या बुग्गा आणि रतनचंद यांची नावे या प्रकरणात पुढे आली. दोघेही शहरात लोकप्रिय, दोघांनाही नॅशनल बँकेच्या प्रकरणात फाशी. फाशी आणि लंडनची सुनावणी यांच्यातली शर्यत जिंकणे हे पहिले काम होते. मोतीलाल नेहरूंनी भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांच्याकडे तारा करून अंमलबजावणी थांबवण्याची मागणी लावून धरली आणि फाशी लांबणीवर पडली. कायद्याच्या पुस्तकात या पायरीला फारशी जागा नसते. दोन माणसे जिवंत राहिली ती आधी या तारांमुळे.

प्रिव्ही कौन्सिलने अपील दाखल करून घेतले. आरोपींच्या बाजूने सर जॉन सायमन उभे राहिले. तेच सायमन, ज्यांच्या नावाच्या कमिशनला काही वर्षांनी याच देशाने काळे झेंडे दाखवले. आरोपींचा युक्तिवाद असा होता की हिंदुस्थानच्या कायदेमंडळाचा अधिकार पार्लमेंटने आखून दिलेल्या मर्यादेत आहे. प्रजेची राजनिष्ठा ज्या मूलभूत हक्कांवर उभी आहे, त्यांना त्याला हात लावता येत नाही. नेहमीच्या न्यायालयात, नेहमीच्या रीतीने खटला होणे हा तसा हक्क आहे. व्हाइसरॉयच्या वटहुकुमाचा अधिकारही या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही.

फेब्रुवारी १९२० मध्ये निकाल आला. समितीने म्हटले की खटला कोणत्या न्यायालयात चालावा हे बदलल्याने राजनिष्ठेचा पाया हलत नाही. वटहुकूम वैध आहे. अपील फेटाळले. निकालाचा सगळा भर वटहुकुमाच्या वैधतेवर राहिला. पुढे कालीनाथ रॉय यांचे अपीलही त्याच वाटेने गेले.

इथे थांबून एक गोष्ट पाहायला हवी. या दोन्ही निकालांत आरोपींनी काय केले, कुणी पाहिले, साक्षीदार किती विश्वासार्ह होते, या प्रश्नांना जागाच नव्हती. अपिलाने एकच प्रश्न सोडवला: सरकारला असे न्यायालय स्थापण्याचा अधिकार आहे का? त्या न्यायालयाने माणसाला न्याय दिला का, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर आला नाही. साम्राज्याच्या न्यायाचे हे मर्मस्थान आहे. सत्ता कुठून आली याची तपासणी तो काटेकोरपणे करी. ती सत्ता माणसाच्या गळ्याशी येऊन काय करते, याकडे तो बघत नसे.

तरीही अपिलाने काय साधले, हे नीट मोजायला हवे. अपिले आणि त्यांच्याभोवतीचे आंदोलन चालू असतानाच सरकारला माघार घ्यावी लागत होती. कालीनाथ रॉय यांची दोन वर्षांची शिक्षा सरकारने तीन महिन्यांवर आणली. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांकडून मार्शल लॉच्या प्रकरणांची फेरतपासणी झाली. २३ डिसेंबर १९१९च्या शाही घोषणेने हरकिशनलाल, किचलू, सत्यपाल यांच्यासारखे पुढारी सुटले आणि अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनात थेट तुरुंगातून दाखल झाले. १०८ फाशींपैकी बहुसंख्य शिक्षा कमी झाल्या. बुग्गा आणि रतनचंद यांचे अपील फेटाळल्यावर गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून त्यांची बाजू मांडली, आणि त्यांची फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या साऱ्यात आपल्या इकडचा एक माणूस आहे. काँग्रेसने पंजाबच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासोबत मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. गावोगावच्या लोकांच्या जबान्या नोंदवून, सरकारी कोर्टांनी जे लिहून ठेवले नव्हते ते या समितीने लिहून ठेवले. पुढे जयकर स्वतः प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचे सदस्य झाले. ज्या समितीने बुग्गांना नकार दिला, तिच्यात वीस वर्षांनी पंजाबच्या जबान्या लिहून घेणारा माणूस बसला. सरकारी बाजूच्या हंटर समितीतही मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. मार्शल लॉची गरज नव्हती, असे त्यांनी आणि दुसऱ्या दोन हिंदी सदस्यांनी आपल्या वेगळ्या अहवालात नोंदवले.

सरकारने दुसरीकडे स्वतःचे अंग वाचवण्याची सोय केली. सप्टेंबर १९१९ मध्ये केंद्रीय विधिमंडळात इंडेम्निटी बिल आणले गेले. मार्शल लॉखाली सद्हेतूने केलेल्या कृत्यांसाठी अधिकाऱ्यांवर दावा चालणार नाही, असे त्याचे सार. पंडित मदनमोहन मालवीय त्याविरुद्ध तासन्‌तास बोलले. चौकशी पूर्ण व्हायच्या आधी क्षमा कशी, हा त्यांचा प्रश्न होता. कायदा मंजूर झाला.

५

ज्या वर्षी प्रिव्ही कौन्सिलने पंजाबची अपिले फेटाळली, त्याच वर्षाच्या शेवटी आयर्लंडच्या दक्षिणेत मार्शल लॉ आला. तिथले खटले पंजाबशेजारी ठेवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

आयर्लंडमध्ये या वादाची परंपरा जुनी होती. नोव्हेंबर १७९८ मध्ये आयरिश बंडखोर वुल्फ टोनला कोर्ट मार्शलने फाशी सुनावली तेव्हा वकील जॉन फिलपॉट करन किंग्ज बेंच न्यायालयात धावत गेला. नागरी न्यायालय भरलेले असताना, टोन ब्रिटिश सैन्यात अधिकारी नसताना, त्याला लष्करी कोर्ट कसे काय शिक्षा देऊ शकते? मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड किलवॉर्डन यांनी तत्काळ हेबिअस कॉर्पसचा आदेश दिला आणि शेरीफला बराकीत पाठवले. तोपर्यंत टोनने कोठडीत स्वतःच्या गळ्यावर वार करून घेतले होते. काही दिवसांनी तो मेला. लष्कराला नागरी न्यायालयाने रोखायचा प्रयत्न केल्याचे ते उदाहरण आयरिश वकील विसरले नव्हते.

१९२१ मध्ये जॉन ॲलनला शस्त्र जवळ बाळगल्याबद्दल लष्करी कोर्टाने मृत्युदंड दिला. त्याच्या अर्जावर आयरिश उच्च न्यायालयाने म्हटले की युद्धस्थिती आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते. पण ती आहे असे आढळले, तर युद्ध संपेपर्यंत लष्कराच्या हातात ते हात घालणार नाही. २८ फेब्रुवारीला कॉर्कमध्ये ॲलनला गोळ्या घातल्या गेल्या. मिचेल्सटाउनजवळ पकडलेल्या ४२ जणांपैकी क्लिफर्ड आणि ओ’सलिव्हन यांचा खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तिथे जुना युक्तिवाद पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. लष्करी कोर्ट हे न्यायालयच नाही, म्हणून त्याला थांबवण्याचा न्यायालयीन आदेश देता येत नाही.

पण त्याच वर्षी जुलैमध्ये डब्लिनमध्ये एक न्यायाधीश वेगळा निघाला. मास्टर ऑफ द रोल्स चार्ल्स ओ’कॉनर यांच्यापुढे जॉन इगनचे प्रकरण आले. पार्लमेंटने १९२० मध्ये आयर्लंडसाठी खास कायदा करून लष्करी कोर्टांची रीत ठरवून दिली आहे, मग लष्कर त्या कायद्याबाहेर जाऊन आपल्या मर्जीने फाशी कशी देते, असे म्हणत त्यांनी इगनच्या सुटकेचा आदेश दिला. आयर्लंडमधले सेनापती जनरल मॅक्रेडी यांच्या बाजूने आदेश पाळायला नकार आला. ओ’कॉनर यांनी सेनापतींविरुद्ध अवमानाची कारवाई सुरू केली आणि सरकारने इगनला सोडून दिले. एका न्यायाधीशाने कायद्याचे एक कलम गंभीरपणे वाचले आणि एक माणूस फासावरून परत आला. म्हणूनच फेटाळलेले अपील वाया गेले असे मी म्हणत नाही. टोन, ॲलन यांच्या हरलेल्या लढायांतून जो युक्तिवाद घासून-पुसून तयार झाला, तो इगनच्या वेळी हाताशी होता.

६

महाराष्ट्रात हा विषय आला की ओठांवर सोलापूर येते. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी सोलापुरात गोळीबार आणि दंगल झाली, पोलीस शहरातून हलले, काही दिवस गिरण्यांच्या या शहराचा कारभार स्वयंसेवकांनी सांभाळला. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. राष्ट्रध्वज घेऊन चालणे हाही त्या दिवसांत गुन्हा होता. लष्करी कोर्टांनी दिलेल्या शिक्षांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला तो ‘चनाप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर’ या प्रकरणात. मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमंट यांनी मार्शल लॉचा आधार गरजेत शोधला. सेनाधिकाऱ्याची मर्जी किंवा नुसती घोषणा हा त्याचा आधार नाही. पुढे कायद्याच्या वर्गांत आणि न्यायालयांत या निकालाचा आधार वारंवार घेतला गेला.

इथे एक फरक वाचकाने मनात पक्का ठेवावा. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, ती लष्करी कोर्टाच्या हुकमाने नव्हे. त्यांचा खटला सेशन्स कोर्टात चालला, अपील उच्च न्यायालयात गेले. सोलापूरच्या लोकस्मृतीत मार्शल लॉ आणि हे चार हुतात्मे एकत्र आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. पण या पुस्तकासाठी हा फरक बोलका आहे. नेहमीच्या न्यायालयाची वाट असतानाही चार जण वाचले नाहीत, हे खरे. तरी त्यांच्या खटल्याचा कागद राहिला, साक्षी राहिल्या, त्यांच्यावर वाद करता येतो. लष्करी कोर्टात शिक्षा झालेल्या कितीतरी सोलापूरकरांबद्दल तेवढेही म्हणता येत नाही.

त्याच काळात लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्यासाठी मे १९३०च्या वटहुकुमाने उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ नेमले गेले, आणि त्याच्या निकालावर अपील ठेवले नाही. ते लष्करी कोर्ट नव्हते, पण १९१९च्या घराण्यातलेच होते. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारताना सांगितले की आणीबाणी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या गव्हर्नर जनरलचा आहे. बुग्गा प्रकरणात वटहुकूम टिकला. इथे तो काढण्यामागची गरज तपासण्याचा मार्गही बंद झाला. आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंचा फास या वाक्याने पक्का झाला.

७

वाचक विचारील, हे सगळे आता कशासाठी? उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. अनुच्छेद ३४ म्हणतो की एखाद्या भागात मार्शल लॉ लागू असताना अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांसाठी संसद त्यांना संरक्षण देऊ शकते आणि मार्शल लॉखाली दिलेल्या शिक्षा, जप्त्या वैध ठरवू शकते. १९१९च्या इंडेम्निटी कायद्याचा हा सरळ वारसा आहे. मालवीयांनी ज्याच्याविरुद्ध तासन्‌तास भाषण केले, त्याला स्वतंत्र भारताच्या घटनेत एक कलम मिळाले. अनुच्छेद १३६ सर्वोच्च न्यायालयाला अपिलाचा विशेष अधिकार देतो आणि त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड सैन्यदलांच्या कायद्याखालची न्यायालये त्यातून वगळतो. सैनिकांसाठी अपिलाची वाट सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७च्या कायद्याने मोकळी झाली, आणि तीही १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्टपणे दाखवल्यानंतर पाव शतकाने.

आझाद हिंद सेनेचा लाल किल्ल्यातला खटलाही याच धाग्यात येतो. भुलाभाई देसाईंनी बचाव असा काही मांडला की तो पराभूत सैनिकांचा नव्हे, स्वातंत्र्याचा हक्क सांगणाऱ्या देशाचा झाला. ३१ डिसेंबर १९४५ रोजी शाहनवाज खान, सेहगल आणि धिल्लन यांना जन्मठेप झाली आणि ३ जानेवारीला सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. तिथे अपील नव्हते, निकालाच्या पुष्टीचा अधिकार सेनापतीचा होता. देश पेटलेला होता म्हणून तो अधिकार दयेच्या बाजूने वळला. ज्या आरोपींच्या मागे देश उभा राहत नाही, त्यांना मात्र दयेची नाही, हक्काच्या अपिलाची गरज असते.

मी हे पुस्तक वकिलांसाठी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले, हे खरे. पण त्याहून अधिक ते त्या वाचकासाठी आहे ज्याला वाटते की संकटाच्या काळात न्यायालये बाजूला ठेवली तर काही बिघडत नाही, गुन्हेगारांना लवकर शिक्षा होते. पंजाबचे आकडे त्याने एकदा पाहावेत. इतक्या थोड्या दिवसांत सुनावलेल्या १०८ फाशींपैकी बहुतेक सरकारला स्वतःलाच कमी कराव्या लागल्या. ज्या शिक्षा देणाऱ्यालाच टिकवता आल्या नाहीत, त्या आधी योग्य होत्या असे कोण म्हणेल? आणि ज्या शिक्षा अंमलात आल्या त्या परत घेता आल्या नाहीत. अपील उशीर करते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो उशीर हाच तर त्याचा उपयोग आहे. फाशीच्या आधी कुणीतरी दुसऱ्याने कागद वाचावा, यासाठी लागणारा तो वेळ आहे, आणि तो वेळ कुणालाही नाकारता येऊ नये.